अपूर्णांकांच्या वर्गात दुसऱ्याचा कोट

शनिवार, दुपार, दुकानातून
(आत्ता गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितोय. आत्ता नाही म्हणजे एरवी रीघ असते, हे लक्षात असू दे.)

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय अठ्ठेचाळीस, तरी धाकटाच) या वयात कमरेत जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही असं तू मागे लिहिलं होतंस. माझं मत विचारशील तर चढणं बंद कर. (मग उतरायचं कुठून, असं भावोजी विचारतील. त्यांना प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही.) त्यांनाही नमस्कार सांग. मी शिवून पाठवलेली पँट कमरेत घट्ट होते अशी त्यांची तक्रार कळली. त्यांना म्हणावं, पँट बरोबर आहे, कंबर चुकली आहे.

तुला वाटेल, सहा महिने एक ओळ नाही आणि आज एकदम एवढं लांबलचक पत्र कशाला? काही नाही गं, सहज. मनात कसलाही हेतू नाही. इकडे एक छोटीशी गोष्ट घडली आणि ती हिच्याकडून तुझ्या कानावर पडायच्या आत माझ्याकडून पडावी, एवढंच. तुझी भावजय फोनवर सगळं जसंच्या तसं सांगते, त्यामुळे गोष्टीची पार रया जाते.

तर झालं असं. आमच्या बटणाला (सातवीत गेली, आता या नावाने हाक मारली की दार आपटते, पण दोन वर्षांची असताना तिने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं, ते मी कसं विसरू?) सहामाहीला गणितात पन्नासपैकी अकरा गुण पडले. मी म्हटलं, अकरा म्हणजे अगदीच टाकाऊ नाहीत, आमच्या वेळी अकरा मिळाले की मुलं मान ताठ ठेवून घरी जायची. तुझी भावजय म्हणाली, "तुमच्या वेळचं तुमच्यापाशीच ठेवा." आणि तिने शाळेतून आलेली चिठ्ठी माझ्यापुढे सारली. सहावी ते आठवीच्या, अल्प उत्पन्न गटातल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी मोफत शिकवणी. दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. दोन-तीन मुलांमागे एक शिक्षक, वह्यापुस्तकं तिथलीच, मध्ये अल्पोपाहार. पालकाने उत्पन्नाचा दाखला आणि भरलेला अर्ज घेऊन बुधवारी किंवा गुरुवारी स्वतः यावं. जागा मोजक्या.

ताई, एवढ्याशा कागदात मला किती शब्द टोचले म्हणून सांगू! 'मोफत' तर टोचलाच. 'अल्प' दोनदा आला, एकदा आमच्या उत्पन्नाला आणि एकदा तिथल्या खाण्याला. आणि 'पात्र'! म्हणजे आपली गरिबी नेऊन टेबलावर मांडायची, समोरच्याने ती उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायचं, हो, चांगली आहे, चालेल. मी तीस वर्षं स्वतःच्या मशीनवर बसून खातोय. मी हिला म्हटलं, आपण काही गरीब नाही, आपण फक्त श्रीमंत नाही. ही हॉस्पिटलच्या धोबीखान्यात आठ तास चादरी धुऊन आली होती. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कात्री खाली ठेवली.

आता अर्जाचा कागद चांगला जाड होता, हा काही माझा दोष नाही. हातातल्या शर्टाची कॉलर बेतायला मला तसाच कागद हवा होता. अर्जाची कॉलर झाली. (कॉलर सुरेख बसली. गिऱ्हाईक खूश.) दुसऱ्या दिवशी हिने दुसरा अर्ज आणला, स्वतःच्या अक्षरात भरला, दाखला जोडला आणि माझ्या हातात दिला. सही तेवढी माझी बाकी. "गुरुवारी जाल ना?" मी म्हटलं, म्हणजे काय? माझ्या मुलीसाठी मी जाणार नाही तर कोण जाणार? हे मी इतक्या जोरात म्हटलं की मलाच पटलं.

गुरुवारी कपड्यांचा प्रश्न आला. तुला ठाऊकच आहे, शिंप्याच्या अंगावरचे कपडे नेहमी उरल्यासुरल्या कापडाचे. माझ्या शर्टाची एक बाही निळी, दुसरी जरा वेगळी निळी. (तिला हिरवी म्हणणारे लोक आहेत.) दुकानात विम्याच्या साहेबांचा राखाडी कोट तयार होऊन टांगलेला. आमच्या दोघांची मापं जवळजवळ सारखी, फक्त त्यांचं पोट माझ्यापेक्षा कर्तबगार. कोट नीट बसतो की नाही ते अंगात घालून बघणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. मी तो बघत बघत वाचनालयापर्यंत गेलो, इतकंच.

वर हॉलमध्ये दोन टेबलं. एकापुढे दारापर्यंत रांग: बायका, बाप्ये, सगळ्यांच्या हातात तोच जाड कागद. दुसऱ्या टेबलाशी कुणीच नाही, एकट्या बाई बसलेल्या, सोनेरी काड्यांचा चष्मा, समोर कोरी वही. टेबलांवर पाट्या होत्या म्हणे. मी चष्मा दुकानात विसरलो होतो. (मुद्दाम विसरलो असं ही म्हणते. माणूस मुद्दाम कसा विसरेल?) मी मोकळ्या टेबलाकडे गेलो. आणि ताई, त्या बाई चक्क उठून उभ्या राहिल्या! मला बघून आजवर कोण उभं राहिलंय? फार तर माप द्यायला.

"या सर. गणितासाठी ना?"

मी म्हटलं, गणितासाठीच. खोटं आहे का यात काही? त्यांनी विचारलं, शनिवारचा वेळ देऊ शकाल ना? म्हटलं, लागेल तेवढा. कोणत्या क्षेत्रात आहात? म्हटलं, मोजमापाच्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आदराने विचारलं, "किती वर्षं?" म्हटलं, तीस. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, वा, या लोकांना गरिबांशी बोलायची चांगली रीत आहे. मग त्या म्हणाल्या, "तीन मुलं दिली तर सांभाळाल ना? शिकवायला तशी हुशार आहेत," आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर त्यांनी माझ्या कोटाला (म्हणजे साहेबांच्या कोटाला) बिल्ला टोचला होता: 'शिक्षक'.

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. तोंड उघडलंही होतं. पण रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यातल्या एका बाईंनी मला नमस्कार केला. आता नमस्कार झाल्यावर मी त्यांच्याच मागे जाऊन उभा राहू? ठरवलं, जरा चक्कर मारून येतो, बिल्ला काढतो आणि मग रांगेत लागतो. चक्कर थोडी मोठी झाली. परत आलो तर रांगेच्या टेबलावर खुर्ची उलटी घालून शिपाई झाडत होता. अर्ज कोटाच्या आतल्या खिशात तसाच.

घरी हिने विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, झालं. (काहीतरी झालंच होतं.) ती नुसती "बरं" म्हणाली. या 'बरं'वर मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

पुढे मला दोन रात्री झोप लागली नाही असं वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस. छान झोपलो. योजना पक्की होती: शनिवारी शिकवायचं, बाईंच्या मनात घर करायचं आणि मग हळूच म्हणायचं, बाई, माझ्या ओळखीत एक हुशार मुलगी आहे. शिक्षकाची शिफारस कोण मोडेल? शनिवारी सकाळी पुन्हा तो कोट चढवला. (साहेब न्यायला येईनात, त्याला मी काय करू?) बटण कुठे दिसली नाही. ही म्हणाली मैत्रिणीकडे गेलीय. मला बरंच झालं.

माझ्या वाट्याला तिघं आली. एक मुलगा, मी काहीही म्हटलं तरी "हो सर" म्हणणारा. एक पोरगी पेन्सिल चावणारी. आणि तिसरी दोन वेण्यांची, जिचं नाव मी पाच मिनिटांत का-ताई ठेवलं. मी म्हटलं, आज अपूर्णांकांचा भागाकार. पुस्तकात लिहिलंय की खालचा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. का-ताई म्हणाली, "का?" मी म्हटलं, तसा नियम आहे. "पण का?" मुलगा म्हणाला, हो सर. मी घाम पुसायला खिशात हात घातला, तर हाताला टेप लागली.

ताई, पुढचं नीट वाच, कारण मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मी टेप बाकावर पसरली. दीड मीटरची असते, ती दोनदा टाकली, म्हटलं हे तीन मीटर कापड. यातून पाऊण मीटरचे तुकडे किती निघतील? पेन्सिलवाली पहिल्यांदा बोलली: चार. कसे? मी म्हटलं, एका मीटरचे पाव किती? चार. तीन मीटरचे? बारा. एका तुकड्याला पाव किती लागतात? तीन. मग बाराला तीनने भागा. चार! म्हणजे आधी चारने गुणलं आणि मग तीनने भागलं. आणि पाऊण कसा लिहितात? वर तीन, खाली चार. तो उलटा झाला की नाही? का-ताई बघतच राहिली. मीही. मी तीस वर्षं रोज अपूर्णांकाने भागाकार करतोय, ताई, आणि मला कुणी सांगितलं नाही! मला वाटायचं मी कापड कापतोय.

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "सर, इंजिनिअर माणसाकडून शिकण्यात फरक पडतो." मी नम्रपणे मान खाली घातली. शिफारशीचं बोलणारच होतो, पण तेवढ्यात का-ताईने पुस्तकाचं पुढचं पान उलटलं, आणि तिथे आकड्यांच्या मधोमध 'क्ष' बसला होता. बेरजेत अक्षर! मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हे पुढच्या शनिवारी. मुलगा म्हणाला, हो सर.

पुढचा शनिवार म्हणजे मागचा. सव्वादहाचा सुमार. आमचा पाव-पाऊण-दीडचा सराव रंगात आला होता. का-ताईने आधीच बजावलं होतं की साडेदहाला क्ष. मी मनातल्या मनात साडेदहाला आजारी पडायची तयारी करत होतो. आणि दारात विम्याचे साहेब! तांबडेलाल, दोन जिने चढून धापा टाकत.

"माझा कोट!"

हॉलमधली दहाही बाकं वळली. साहेबांची बढतीची मुलाखत होती, बारा वाजता. ते दुकानात गेले, तिथे ही बसली होती. (शनिवारी तिची सुट्टी.) तिने त्यांना शांतपणे वाचनालयाचा पत्ता दिला आणि वर सांगितलं म्हणे की घाई करू नका, अकरापर्यंत त्यांचे अपूर्णांक चालतात. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मी कोट काढत होतो. आत तोच शर्ट, एक बाही निळी आणि दुसरी (चल, मान्य करतो) हिरवी. कोटाच्या आतून अर्ज खाली पडला. का-ताईने तो उचलला आणि तिच्या स्वभावाप्रमाणे मोठ्याने वाचला: "पालकाचा व्यवसाय, शिवणकाम. आईचा व्यवसाय, धुलाई कामगार. पाल्यास गणितात मदतीची गरज आहे."

सोनेरी चष्म्याच्या बाई समोर. ताई, मी आयुष्यात बरीच कारणं शिवलीत, आयत्या वेळी उसवून दुसरी लावलीत. त्या दिवशी एकही सापडलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी इंजिनिअर नाही, शिंपी आहे. आठवीला गणितात नापास झालो आणि शाळा सोडली. मी माझ्या मुलीच्या अर्जासाठी आलो होतो, रांग चुकली." मग मला राहवलं नाही. "चुकली नाही. मीच चुकवली. माझ्या लाजेपायी तिची जागा गेली. मला काय हवं ते बोला, पण तिचा अर्ज घ्या."

मुलगासुद्धा हो सर म्हणाला नाही.

बाईंनी अर्जावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "अहो, ही मुलगी पहिल्या दिवसापासून येतेय. खालच्या खोलीत बसते. तिच्या आई बुधवारीच असाच दुसरा अर्ज देऊन गेल्या."

बुधवारी, ताई! मी गुरुवारी कोट बघत बघत निघालो त्याच्या आदल्या दिवशी! मी घरी जाऊन हिला विचारलं, तर म्हणाली, "भरवसा तुमच्यावर होताच. पण जागा मोजक्या होत्या." मग मला कशाला जाऊ दिलंस? "तुम्ही एवढे आपणहून निघालात, मोडता कशाला घालू?" आणि बटणाने मला पहिल्याच शनिवारी जिन्यात बघितलं होतं, बिल्ल्यासकट. दोघी मायलेकींनी आठवडाभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. जेवताना मात्र एकमेकींकडे बघून ठसका लागायचा. मी पाणी द्यायचो.

इकडे हॉलमध्ये साहेब ओरडले, कारण बिल्ल्याच्या टाचणीने कॉलरला भोकं पडली होती. तेव्हा मात्र मी माझ्या जागेवर आलो. सुईदोरा माझ्या शर्टाच्या खिशात कायम असतो. म्हटलं, साहेब, कोट घाला आणि हलू नका. उभ्या उभ्या दोन मिनिटांत अशी भरली की भोकं कुठे होती ते मलाही सांगता येणार नाही. साहेबांनी खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं, पोटावर हात फिरवला (कुठेही ओढत नव्हता) आणि काही न बोलता निघून गेले. संतापलेलं गिऱ्हाईक न बोलता जातं तेव्हा काम चोख झालेलं असतं.

बाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे शिक्षक किमान दहावी पास लागतो, मला तुमचं नाव काढावं लागेल. त्यांनी ते काढलं आणि मी काढू दिलं. पण का-ताईने विचारलं, "का?" आणि नियम सांगूनही ती गप्प बसेना. शेवटी बाईंनी मला साहाय्यक म्हणून ठेवलं. म्हणजे कागदाच्या पट्ट्या कापायच्या, टेप धरायची, अपूर्णांक अडला की हाक येईल तिथे जायचं. पूर्वी मला तीन मुलं होती, आता दहाही बाकांवर जातो. ही बढतीच झाली म्हणायची.

त्या दिवशी बटण आणि मी बरोबरच घरी आलो. बराच वेळ ती दप्तराच्या पट्ट्याशी खेळत चालली होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही रांगेत का नाही थांबलात?" मी म्हटलं, लाज वाटली गं. ती थोडं चालली. म्हणाली, "आई थांबली होती. तिची ड्यूटी संपल्यावर. दीड तास." एवढंच. घरी येऊन मी हिच्या पायातल्या चपलांचा तुटका बंद शिवून दिला. ती म्हणाली, हे काय मध्येच? म्हटलं, काही नाही, दोरा हातात होता.

आज तिसरा शनिवार. घटक चाचणीत बटणाला पन्नासपैकी सत्तावीस मिळाले. मी म्हटलं होतं ना, अपूर्णांक आपल्या घराण्यातच आहेत. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप, भावोजींना जप, आणि माझ्याबद्दल कुणी काही सांगितलं तर हे पत्र दाखव.

तुझा,
धाकटा

ता. क. - बाईंनी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आणून दिलाय आणि मी तो भरला. परीक्षा पाच महिन्यांवर. तू चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस, म्हणून सहज विचारतो: हा 'क्ष' नेमका कोण आहे? दर आठवड्याला एक पत्र टाकून अगदी पहिल्यापासून शिकवशील का? पाकीट दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको. बटणाला कळता कामा नये. हे मोफत करशील असं धरून चालतो; पात्र मी आहेच.

ता. क. दुसरा, वेगळ्या अक्षरात - आत्या, नमस्कार. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. मला सत्तावीस नाहीत, एकोणतीस आहेत, बेरीज त्यांनी केली. क्षची काळजी करू नकोस, रोज संध्याकाळी दुकानात मी "मला समजत नाही, तुम्ही करून दाखवा" म्हणते आणि त्यांच्याकडून करून घेते. चार उदाहरणं तर बरोबर आली. तू फक्त दर आठवड्याला एवढंच लिही की त्यांची प्रगती चांगली आहे. मी म्हटलं तर त्यांना वाटतं मी त्यांची मुलगी आहे म्हणून म्हणते.